दादांची थप्पी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या स्टेशनची रंगरंगोटी निघाली आणि सरपंचबाईंचा मला जालन्याला फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवता. आपल्या वस्तीचा इतिहास धा ओळीत लिहून द्या. भिंतीवर रंगवायचाय." तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांकडून लढाया आणि तह घोकून घेतले, पण आपल्या वस्तीलाही इतिहास आहे हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. बसले लिहायला. दहा ओळी झाल्या तशा माहेरी जाऊन दादांना वाचून दाखवल्या. दादा म्हणजे माझे वडील. वय पंच्याऐंशीच्या आसपास, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पण यात थप्पी कुठंय?"

त्या दहा ओळी साधारण अशा होत्या. निजामाच्या राज्यात दुधना नदीच्या काठाकाठानं रेल्वे आली. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून नदीजवळ टाकी बांधली. टाकीपाशी गाडी थांबायची, म्हणून स्टेशन झालं. गाडी थांबते म्हटल्यावर राजस्थानातून आलेल्या एका मारवाडी घरानं तिथं लाकडाची वखार टाकली. तेलंगणाकडून वॅगनीतून साग यायचा आणि घनसावंगी, कुंभार पिंपळगावाकडून बैलगाड्यांतून बाभूळ अन् निंब. लाकूड आलं म्हणून ते चिरणारे आले. आधी हातानं करवत ओढणारे, एक वर आणि एक खाली, मग मशीनवरचे. असं करत करत नदी, रूळ आणि वखार यांच्या मधल्या तिकोनी जागेत शंभरेक घरं उभी राहिली. अर्धी रेल्वेवाल्यांची, अर्धी लाकूडवाल्यांची. दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांशी पटतही नव्हतं.

पुढे छोटी लाईन जाऊन मोठी लाईन आली. रुळांखालचे डांबर पाजलेले लाकडी स्लीपर निघाले, सिमेंटचे बसले. निघालेले स्लीपर वखारीच्या शेटजींनी घेतले आणि वस्तीत स्वस्तात वाटल्यासारखे विकले. आमच्याकडे दाराची चौकट स्लीपरची, माळा स्लीपरचा, ओट्याची पायरी स्लीपरची आणि म्हशीची गव्हाणही स्लीपरची. वैशाखात ऊन तापलं की अख्ख्या वस्तीला डांबराचा वास सुटतो. नवीन आलेला पाहुणा हमखास विचारतो, "रस्त्याचं काम चालू हाय का?" आम्ही हो म्हणतो. कोण समजावून सांगत बसणार?

मग प्लायवूड आलं, फायबरची दारं आली. वखारीतली सॉ मिल बंद पडली. मालगाडी उभी राहायची ती साइडिंग उखडून नेली. आता सकाळ-संध्याकाळ एक पॅसेंजर तेवढी थांबते. बाकीच्या गाड्या आमच्याकडे न बघता निघून जातात. इथं माझ्या दहा ओळी संपल्या होत्या, आणि दादा विचारत होते, थप्पी कुठंय.

थप्पी म्हणजे लाकडं एकावर एक नीट रचून केलेला ढीग. वखारीत अशा पन्नास थप्प्या असायच्या. दादांची थप्पी मात्र आमच्या घराच्या मागच्या अंगणात होती. खाली विटा, विटांवर दोन स्लीपर आडवे, त्यांच्यावर लाकडं आणि वर पत्रा. ती चुलीसाठी नव्हती, विकायलाही नव्हती. ती दादांच्या सरणासाठी होती.

वाचणाऱ्यानं दचकू नये. आम्ही दचकून दचकून सवय झालेली माणसं आहोत.

झालं असं होतं. मी पाच-सहा वर्षांची असेन, तेव्हा माझे आजोबा श्रावणात वारले. आठ दिवस झड लागलेली. वखारीत पाणी शिरलेलं. शेटजींनी बिचाऱ्यांनी लाकूड फुकट दिलं, पण ते ओलं होतं. नदीकाठच्या मसनवट्यात सरण काही धरेना. धूर नुसता. रॉकेल ओतलं, साखर टाकली, शेवटी ट्रकचं जुनं टायर आणावं लागलं. दादा सॉ मिलवरचे मुख्य मिस्त्री. लाकडाचा नुसता वास घेऊन हे झाड कुठल्या नाल्याचं ते सांगणारा माणूस, आणि त्याच्याच बापाला टायरवर जाळावं लागलं. दादा घरी आले, आंघोळ केली आणि म्हणाले, "माझ्या टायमाला ओलं लाकूड बिलकुल चालायचं न्हाई. माझं मी जमवीन."

आणि खरंच जमवायला लागले. रोज संध्याकाळी सॉ मिलमधून येताना काखेत एखादं बाभळीचं खोड, एखादा निंबाचा तुकडा. लोकांचे वडील खाऊ आणायचे, आमचे सरण आणायचे. प्रत्येक लाकडाच्या तोंडावर गेरूची एक फुली मारायचे आणि रचायचे. कुठलं लाकूड खाली, कुठलं मधे, कुठलं वर याचं त्यांचं शास्त्र ठरलेलं. खाली बाभूळ, कारण तिचा निखारा टिकतो. मधे निंब. वर तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या, पटकन पेट घ्यायला. आणि सागाच्या दोन फळ्या, "थोडी शान पाह्यजे" म्हणून. स्लीपरचा मात्र एक तुकडासुद्धा नाही. मी एकदा विचारलं, एवढे स्लीपर पडलेत, तेच का नाही ठेवत? दादा म्हणाले, "डांबराचा वास घेऊन वर गेलो तर दारातच धरतील. म्हणतील, रेल्वेचा माल चोरून आणलाय यानं."

माय त्या थप्पीला सवत म्हणायची. "जा, बसा सवतीपाशी," असं दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं. घरात असलं अभद्र ठेवू नये म्हणून तिनं भांडण केलं, अबोला धरला, माहेरी जाऊन आली. दादा ऐकेनात. शेवटी तिनं थप्पीच्या पत्र्यावर पापड वाळत घालायला सुरुवात केली आणि भांडण मिटलं.

शेटजींना अर्थातच हे लागलं होतं. ते दादांचे मालक, वयानं दोन-चार वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात मारवाडी बोलायचे, वखारीत आमच्यासारखंच. "मिस्त्री," ते म्हणायचे, "पाऊस काय मी पाडतो? अन् माझ्या वखारीत नोकरी करून तुम्ही घरी दुसरी वखार टाकून राह्यले. लोक काय म्हणत असतील?" दादा म्हणायचे, "शेटजी, तुमची वखार जित्या माणसांसाठी. माझी फकस्त एका गिऱ्हाइकाची हाय."

आता त्या थप्पीचं नशीब ऐका. ती कधी पुरी झालीच नाही. पुरी होत आली की काहीतरी निघायचं.

पहिल्यांदा ती रेल्वेनं खाल्ली. मी चौथीत असेन. दिवाळीचा पाडवा. परतूरकडे जाणारी पॅसेंजर आमच्या स्टेशनात येऊन थांबली ती हलेना. इंजिनातला कोळसा संपत आला होता. कोळसा कमी भरला की वाटेत जास्त जाळला, यावर ड्रायव्हर आणि स्टेशनमास्तर यांचं फलाटावरच जुंपलं. डब्यात दिवाळीला निघालेल्या बाया, लेकरं, करंज्यांचे डबे. वखार बंद, शेटजी पूजेसाठी जालन्याला. मास्तर धावत आमच्या दारात. "मिस्त्री, लाकूड द्या. वाळलेलं तुमच्याकडंच हाय." दादांनी एक मिनिट थप्पीकडे पाहिलं आणि मग अख्खी वस्ती ओळीनं उभी राहून हातोहात लाकडं इंजिनापर्यंत पोचवायला लागली. मीसुद्धा दोन तुराट्या दिल्या. इंजिनानं असली काही वाफ धरली की ड्रायव्हरनं निघताना मुद्दाम लांब शिट्टी मारली.

रिकाम्या दोन स्लीपरांवर बसून दादा म्हणाले, "जित्तेपणीच मी परतूरपर्यंत जाऊन आलो." माय आतून म्हणाली, "वापस कशाला आले मंग?" त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यात गोड दिवाळी झाली.

पुन्हा जमवायला सुरुवात. एका बाजूला मी मोठी होत होते, दुसऱ्या बाजूला थप्पी. कोण आधी पुरी होते याच्यावर वस्तीत चेष्टा चालायची. मीच आधी झाले. माझं लग्न ठरलं वैशाखात, घरापुढेच मांडव. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी अवकाळीनं झोडपलं. शेटजींनी आहेर म्हणून स्वयंपाकाचं लाकूड पाठवलं होतं. गाडीभर, प्रेमानं आणि ओलंचिंब. आचाऱ्यानं फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. वऱ्हाड घनसावंगीहून निघालेलं, आणि इकडे डाळीला उकळी नाही.

दादा उठले. मागच्या अंगणात गेले, पत्रा उचलला आणि आचाऱ्याला हाक मारली.

मायला हे कळलं तेव्हा वरण शिजून झालं होतं. ती हळदीच्या हातानं तशीच धावत आली. "लेकीच्या लग्नाचा सैपाक सरणावर? अहो, काही लाजबीज?" दादा म्हणाले, "हळू बोल. व्याही ऐकतील." मायनं चार लिंबं आणि मीठ-मिरच्या घेऊन प्रत्येक पातेल्याची दृष्ट काढली. आचाऱ्याला वाटलं ही इकडची रीत असेल, म्हणून त्यानंही हात जोडले.

पंगत बसली. माझ्या होणाऱ्या सासूबाई खाण्याच्या बाबतीत फार कडक. त्यांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबल्या. मायचा चेहरा पांढराफटक. सासूबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, असं वरण मी आजपावेतो खाल्लं न्हाई. लाकूड कोणतं वापरलं?" दादा तूप वाढत होते. मान खाली घालून म्हणाले, "घरचंच हाय. चांगलं मुरलेलं." सासूबाई वारल्या तोपर्यंत मला दर सणाला सांगायच्या की तुझ्या माहेरच्या वरणाची सर तुझ्या हाताला नाही. ती सर यायला जे लागतं ते काही दुकानात मिळत नव्हतं.

तर अशी ती थप्पी. एकदा दुधनेला पूर आला, सगळी वस्ती स्टेशनात चढून बसली, तेव्हा तिच्यावर दोन दिवस खिचडी शिजली. एकदा रुळांवर काम करणाऱ्या गँगमनच्या घरच्या बाळंतिणीला शेक द्यायला गेली. दर वेळी दादा चार दिवस चिडचिड करायचे आणि पाचव्या दिवशी काखेत एक लाकूड घेऊन हजर.

आता एक गोष्ट कबूल करते, जी मी दहा ओळींत लिहिली नव्हती आणि दादांनाही कधी सांगितली नव्हती. मी त्या थप्पीतली चोर आहे. लग्नानंतर मी जेव्हा जेव्हा माहेरी जायची, तेव्हा सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, मागच्या अंगणातून एक-दोन लाकडं काढायची आणि पाणी तापवायच्या बंबात घालायची. वस्तीत सगळे गमतीनं म्हणायचे की मिस्त्री थप्पी पुरी झाल्याशिवाय मरायचे न्हाईत. म्हणणारे हसायचे. माझ्या मात्र ते मनात बसलं होतं. मी शिकलेली, शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी बाई, आणि बापाचं आयुष्य वाढावं म्हणून बाभळीची खोडं जाळत होते. मला भीती वाटायची, सरळ सांगायचं तर. ती थप्पी पत्र्याला टेकली की मी दोनाऐवजी चार लाकडं काढायची. दादा म्हणायचे, "वाळवी लागली वाटतं, लाकडं कमी होऊन राह्यली." मी म्हणायची, "औषध टाका."

गेल्या काही वर्षांत दादा आणि शेटजी दोघंही कामातून मोकळे झालेले. वखारीच्या जागेवर शेटजींच्या मुलाचं प्लायवूडचं दुकान. दोघं म्हातारे रोज संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर बसायचे. बाक अर्थात स्लीपरचाच, दादांनीच केलेला. समोरून एक्सप्रेस धडधडत जायची आणि दोघांपैकी एकजण न चुकता म्हणायचा, "आज बी थांबली न्हाई." मग ओल्या लाकडावरून भांडण सुरू. पन्नास वर्षं जुनं भांडण रोज ताजं. मी एकदा जवळ बसून ऐकलंय.

"मिस्त्री, तुमची थप्पी आता एवढी मोठी झाली, दोघं सहज बसतील," शेटजी म्हणाले.

"जागा एकाचीच हाय."

"मंग मला वेटिंगवर ठेवा."

"राहा वेटिंगवर. कन्फर्म व्हायची न्हाई."

"वेटिंग बी होतं कन्फर्म कधी कधी," शेटजी म्हणाले आणि दोघंही खोकेपर्यंत हसले.

गेल्या श्रावणात मी पंचमीला माहेरी गेले. झड लागलेली. नदी दुथडी भरलेली, परतूरच्या रस्त्यावरच्या पुलावरून पाणी चाललेलं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी गेले. चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. असं मरण यावं म्हणून लोक उपास करतात.

थोड्या वेळानं त्यांचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला माणूस, भिजलेला, चप्पल हातात. आत ये म्हटलं तरी येईना. दादांनीच विचारलं, "लाकडाचं काय केलं?"

तो म्हणाला, "काका, दुकानात सगळं प्लायवूड. जालन्याहून, शहागडहून गाडी मागवली, पण पुलावर पाणी हाय. कुठूनच येईना. गावातली सगळी लाकडं भिजलेली."

रेल्वे चालू होती म्हणा. सकाळपासून तीन एक्सप्रेस गेल्या होत्या. पण त्या आमच्याकडे थांबतात कुठे? ज्या घरानं तीन पिढ्या अख्ख्या तालुक्याला लाकूड पुरवलं, त्या घरच्या माणसाला जाळायला वस्तीत कोरडं लाकूड नव्हतं. एका जागी सोडून. आणि ते मागायची त्या मुलाची जीभ उचलत नव्हती, कारण ते कुणाचं आणि कशासाठी आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

दादा मागच्या अंगणात गेले. मी पाठोपाठ गेले. थप्पी पत्र्याला टेकलेली होती. त्या खेपेला मी अजून एकही लाकूड काढलं नव्हतं. ती पूर्ण होती. दादांनी तिच्यावरून हात फिरवला, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. गेरूच्या फुल्या ओळीनं दिसत होत्या. पावसाचा पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. त्यांचं वय मला माहीत होतं. हे गेलं तर पुन्हा एवढं जमवायला त्यांना वेळ मिळणार नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. टायरचा तो काळा धूर त्यांना तेव्हा दिसत असणार. मला तरी दिसत होता.

माय दारात येऊन उभी राहिली. आयुष्यभर जिला सवत म्हणाली तिच्याकडे पाहत म्हणाली, "द्या हो. शेटजीच हायेत."

"म्या कुठं न्हाई म्हनलं?" दादा खेकसले. मग त्या मुलाला मोठ्यानं हाक मारली. "ये इकडं. पोरं बोलाव. ताडपत्री टाकून न्या, एक थेंब लागू देऊ नका. अन् रचणार मी. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. तुम्हा प्लायवूडवाल्यांना बूड कळत न्हाई अन् शेंडा बी."

आमच्या मसनवट्यात आता पत्र्याचं शेड आहे. मी रुळाच्या भरावावर छत्री घेऊन उभी राहिले, तिथून सगळं दिसतं. दादा एका स्टुलावर बसून काठीनं दाखवत होते आणि तरणी पोरं रचत होती. खाली बाभूळ, मधे निंब, वर तुराट्या. सागाच्या दोन्ही फळ्या त्यांनी स्वतः उठून ठेवल्या. आणि मुलानं अग्नी दिला तसं त्या सरणानं असा जाळ धरला की जवळ उभे असलेले लोक दोन पावलं मागं सरले. धूर जवळजवळ नाहीच. एवढ्या पावसात, एवढ्या ओलीत, स्वच्छ पिवळा जाळ. दादा काठीवर रेलून उभे राहिले. मग जरा मोठ्यानं बोलले, शेटजींना ऐकू जावं इतक्या.

"पाह्यलं का, शेटजी? कोरडं लाकूड असं असतंय."

लोक हसले. मुलगाही रडता रडता हसला. मी मात्र भरावावर एकटी उभी राहून हमसून हमसून रडले. शेटजींसाठी रडले, आणि माझ्या दादांच्या पन्नास वर्षांच्या मेहनतीसाठी. आणि खरं सांगायचं तर एका कोपऱ्यात मला बरंही वाटत होतं, की थप्पी पुन्हा रिकामी झाली. असल्या वेळी माणसाला बरं वाटतं याची लाजही वाटत होती.

त्यानंतर दादांनी लाकूड आणायचं सोडलं. मी फोन करायची तेव्हा माय सांगायची, "नुसते बसून असतेत त्या दोन स्लीपरावर. बाकावर बी जात न्हाईत. कुणाशी भांडावं, म्हणतेत." मी म्हणायची, तू भांड. ती म्हणायची, "माझ्याशी भांडून त्यांना मजा येत न्हाई. मी जिंकते." इतकी वर्षं मी ती थप्पी पुरी होऊ नये म्हणून धडपडले होते. आता ती रिकामी राहिली याचीच मला धास्ती वाटायला लागली.

दिवाळीत माहेरी निघाले. वाटेत घनसावंगीला नणंदेकडे फराळाला थांबलो होतो. तिथून पुढे कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला रुंदीकरणासाठी झाडं तोडून टाकलेली. एक बाभूळ नुकतीच पाडलेली, कापातून डिंक गळत होता. मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. शेताचा मालक बांधावरच होता, तो म्हणाला, न्या की एखादं खोड, त्यात काय. नवऱ्यानं नव्या गाडीच्या डिकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता डिकी उघडली. तीस वर्षांच्या संसारात माणूस कधी बोलू नये हे शिकतोच.

दादा मागच्या अंगणात होते. आम्ही दोघांनी ते खोड धरून आणलं आणि रिकाम्या स्लीपरांवर ठेवलं. माझ्या हातानं त्या थप्पीवर ठेवलेलं ते पहिलं लाकूड. आजवर मी फक्त काढलेलीच. दादांनी चष्मा वर केला. अंगठ्याच्या नखानं साल उकरली, वास घेतला.

"पिंपळगावकडची बाभूळ हाय."

"हो."

"ओलं हाय हे."

"माहीत आहे."

"पुरं ओलं. याला वाळायला दोन पावसाळे तरी लागतेत."

"तेवढं कळतं मला, दादा. लाकूडवाल्याची लेक आहे मी."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मीही मुद्दाम दुसरीकडे पाहिलं नाही. मग ते उठले, कोनाड्यातून गेरूचा खडा काढला आणि खोडाच्या तोंडावर सावकाश एक फुली मारली.

"अन् हे बंबात घालायचं न्हाई हां," ते म्हणाले.

माझे कान तापले. मायनं स्वयंपाकघरातून खोकल्याचा आव आणून हसू दाबलं, म्हणजे तिलाही माहीत होतं. इतकी वर्षं त्या दोघांनी मला खुशाल चोरू दिलं होतं.

दादा परत स्लीपरवर बसले, एक हात त्या ओल्या खोडावर ठेवून. बाहेर संध्याकाळची एक्सप्रेस नदीच्या पुलावर आल्याचा आवाज झाला आणि ती नेहमीसारखी न थांबता निघून गेली.

"दोन पावसाळे," दादा म्हणाले. मग थोडा विचार करून मान हलवली. "बरं. थांबतो मंग."